पैलवानाच्या पाठीवर टॉवेल

"यातला चांगला कुठला?" हा प्रश्न मी नोकरीत जितक्या वेळा ऐकला तितक्या वेळा माझं नावही ऐकलं नसेल. या प्रश्नाला उत्तर नसतं. पण तसं सांगितलं तर गिऱ्हाईक उठून जातं आणि मालक बघत बसतात, म्हणून मी आयुष्यभर उलटा प्रश्न विचारत आले, "वापरणार कोण? आणि कुठं बसून?"

आमचं दुकान एकाच कंपनीच्या लॅपटॉपचं. बाहेर पाटी कंपनीची, आतल्या टेबलांचा रंग कंपनीचा, मालक विलासराव तेवढे आमचे कोल्हापूरचे. त्याआधी याच जागेत ते शिलाई मशीन विकायचे आणि मी तिथंही कामाला होते. शिलाई मशीन घेणारी बाई स्टुलावर बसायची, पाय मारायची, चिंधीवर टीप घालून बघायची आणि पाच मिनिटांत हो किंवा नाही सांगायची. लॅपटॉपला पाय मारता येत नाही. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

लोकांना वाटतं, कंपनी एकच म्हटल्यावर निवड सोपी असणार. उलट आहे. पाच कंपन्या असल्या की गिऱ्हाईक एखाद्या नावावर भाळतं आणि मोकळं होतं. एकाच कंपनीची मशिनं ओळीनं मांडली की सगळी सारखीच दिसतात, किमती मात्र जमीन-अस्मान. कंपनीनं त्यांना इंग्रजी नावं दिलेली, नावांपुढे आकडे, आकड्यांपुढे अक्षरं. ट्रेनिंगला आलेले साहेब ती स्तोत्रासारखी म्हणून दाखवायचे. मला काही ती पाठ झाली नाहीत. मी माझी नावं ठेवली. थोरली, मधली, धाकटी आणि त्यांचा भाऊ पैलवान.

थोरली मोठ्या पडद्याची, जड, टेबलावरून न हलणारी. दुकानाच्या गल्ल्यावर किंवा घरात एका जागी ठेवायला उत्तम. मधली दिसायला साधी, पण कामाला वाघ. पडली-झडली तरी चालते आणि वायरीशिवाय दिवस काढते. धाकटी कागदासारखी पातळ, देखणी आणि महाग. तिला जपावं लागतं आणि मागून काही वाढवायचं म्हटलं तर ती उघडतच नाही. पैलवान गेम खेळणाऱ्यांसाठी आणि सिनेमाचं संकलन वगैरे करणाऱ्यांसाठी. ताकद अफाट, पण वायर काढली की लगेच भूक लागते. एवढं कळलं की लॅपटॉप घेता येतो. पुढची सगळी स्तोत्रं किंमत वाढवायला असतात.

पण गिऱ्हाईक आपल्या हिशेबानं येतं. एकदा एका तालमीची पोरं आली. त्यांना तालमीच्या फुटबॉल संघाच्या मॅचचं शूटिंग बघायला लॅपटॉप हवा होता.

"वैनी, समोरच्या तालमीनं पंधरा घेतलाय. आम्हाला सोळा दाखवा."

"अरे, ते पडद्याचे इंच आहेत. मॅच बघायला पंधरा पुष्कळ झाला."

"बघायचं नंतर बघू. आधी सोळा पायजे."

सोळा घेऊन गेले, तोही हलगी लावून. महिनाभरात पंधरावाले हजर, सतरा द्या म्हणत. तेही घेऊन गेले. विलासरावांनी आनंदानं अठराची ऑर्डर टाकली. ती दोन वर्षं दुकानात पडून राहिली, कारण मधल्या काळात दोन्ही तालमींनी भिंतीवरचे टीव्ही घेतले.

जयसिंगपूरचे एक व्यापारी आले होते. त्यांनी धाकटी उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"बाई, ही दाखवायची डमी दिसतीया. खरी काढा."

"खरीच आहे हो ही."

"मग आतलं सामान कुठं हाय?"

वजन आहे तर वस्तूत दम आहे, हा आपल्याकडचा पक्का हिशेब. त्यांनी थोरली दोन्ही हातांनी उचलली, कमरेला झटका बसला तसा चेहरा उजळला. रोज जयसिंगपूर-कोल्हापूर एसटीनं ये-जा करणारा माणूस थोरली घेऊन गेला. पुढं कधी स्टँडवर दिसले तर एका बाजूला झुकून चालताना दिसायचे. पण भेटले की आवर्जून सांगायचे, "वस्तू भारी दिलीसा."

आता तातोबा आबांची गोष्ट सांगते. या एका गोष्टीपायी मी अर्ध्या जिल्ह्यात बदनाम झाले.

शनिवारची सकाळ होती. दुकानासमोर एक जीप थांबली आणि तिच्यातून मावणार नाहीत इतकी माणसं उतरली. राधानगरीच्या पलीकडल्या एका वाडीतली ही मंडळी. लॅपटॉप हवा होता सायलीला. बी.कॉम. झालेली, शांत डोळ्यांची मुलगी. पुण्यातल्या एका फर्मचं हिशेबाचं काम घरी बसून करायची नोकरी तिला लागली होती. लॅपटॉप स्वतःचा हवा आणि सोमवारपासून दिवसभर काम चालू राहायला हवं, एवढीच फर्मची अट. पण राधानगरीकडे पावसाळ्यात लाईट गेली की येईल तेव्हा खरी. काम मध्येच बंद पडायला लागलं तर फर्मवाले कामाला दुसरी मुलगी ठेवणार होते. पुण्यात राहायला पाठवायला घरचे तयार नव्हते. "हे जमलं तर ठीक," ती मला हळूच म्हणाली, "न्हाईतर स्थळं बघायला सुरुवात हाय. एक तर येऊन पण गेलंय."

मी म्हटलं, "मग यात विचार कसला? मधली घे."

"मला कळतंय मॅडम. पण आबा बोलल्याशिवाय न्हाई घेणार कोण."

आबा म्हणजे तिचे आजोबा नव्हेत, सगळ्या वाडीचेच आबा. म्हशीचे पारखी. वाडीत कुणीही म्हैस घ्यायची तर आबांना बाजाराला न्यायचं. आबा म्हैस बघणार, पसंत पडली की खांद्यावरचा टॉवेल काढून तिच्या पाठीवर टाकणार. टॉवेल पडला की सौदा झाला, त्यानंतर कुणी तोंड उघडायचं नाही. हळूहळू वाडीनं फ्रीज, ट्रॅक्टर आणि एक विहिरीची मोटरही आबांच्या टॉवेलावर घेतली होती. आता पाळी लॅपटॉपची. सायलीचे चुलते नामाकाका हे सगळं मला अभिमानानं सांगत होते.

आबा खुर्चीत बसले नाहीत. टेबलांच्या ओळीतून हात मागे बांधून फिरले. एकेक झाकण उघडून मिटून बघितलं, जबडा बघतात तसं. पोटाखाली तळवा लावला. मग माझ्याकडं वळून त्यांनी तीनच प्रश्न विचारले.

"खाते किती? देते किती? आटते कधी?"

मला मिठीच मारावीशी वाटली. ट्रेनिंगच्या साहेबांनी इतके नेमके प्रश्न कधी विचारले नव्हते. माझं माहेर म्हशीवाल्यांचं. आई दुधाच्या कट्ट्यावर म्हैस घेऊन उभी राहायची. कोल्हापुरात खरा दूध पिणारा पिशवी फोडत नाही, कट्ट्यावर जातो, त्याच्यासमोर धार काढायची आणि फेसाळ ग्लास हातात द्यायचा. त्यामुळं मला ही भाषा अंगवळणी. मी सांगितलं, "आबा, मधली बेतानं खाते, दिवसभर देते, चार-पाच वर्षं आटत नाही. धाकटीही चांगली देते, पण नाजूक आहे. पैलवान मात्र खातो ढीगभर आणि देतो घोटभर. वायर काढली की संपला."

एवढं स्वच्छ सांगितलं होतं. पण नेमकं त्याच वेळी नामाकाकांनी पैलवानाचं बटण दाबलं.

पैलवानाच्या कीबोर्डमधून लाल-निळे दिवे पळायला लागले. पंखा घरघरला आणि बाजूच्या जाळीतून गरम वारा सुटला. आबांनी त्या वाऱ्यापुढं तळवा धरला. त्यांचा चेहराच बदलला.

"श्वास बघा रे. छाती बघा. जनावर म्हणत्यात ते ह्याला."

"आबा, त्याची बॅटरी टिकत नाही," मी पुन्हा सांगितलं.

"तरणं हाय. धाप लागायचीच," आबा म्हणाले आणि खांद्यावरचा टॉवेल त्यांनी पैलवानाच्या पाठीवर टाकला.

"बांधा," नामाकाका म्हणाले. म्हणजे पॅक करा.

 सायलीनं बरोबर आणलेल्या रिकाम्या पिशवीचा बंद उगीच सरळ केला, पुन्हा वाकडा केला. मी नामाकाकांना बाजूला घेतलं. "काका, पोरीची नोकरी जाईल. आबांना सांगा की."

"टॉवेल पडला वैनी. आबांनी आजपत्तर टाकल्याला टॉवेल उचलल्याला न्हाई."

"आणि उचलायचाच म्हटला तर?"

नामाकाकांनी डोकं खाजवलं. "एकच वाट. इकणाऱ्यानं खोड लपीवली आसंल, तर सौदा मोडतोय."

मी परत टेबलाशी आले. "आबा, टॉवेल राहू दे. पण मी कट्ट्यावरच्या घरातली आहे. समोर धार काढून दाखवल्याशिवाय आम्ही गिऱ्हाइकाच्या हातात ग्लास देत नाही."

आबा पहिल्यांदा हसले. "मंग काढ की."

सगळे डेमोचे लॅपटॉप रात्रभर चार्जिंगला लावलेले असतात, म्हणजे पोटं भरलेली होती. मी मधली, धाकटी आणि पैलवान शेजारी शेजारी ठेवले आणि तिघांच्या वायरी काढल्या. तिन्हींवर काहीतरी चालू ठेवायला हवं होतं. नामाकाकांच्या मोबाईलमध्ये गावच्या जत्रेतल्या कुस्तीचं शूटिंग होतं, तेच तिन्हींवर लावलं, संपलं की पुन्हा सुरू. आणि आम्ही बसलो.

थोड्या वेळात दुकानात खुर्ची उरली नाही. कुस्तीचा आवाज ऐकून शेजारचा झेरॉक्सवाला आला, चहावाला आला, प्रिंटरची शाई घ्यायला आलेले एक गृहस्थ शाई विसरून बसले. एकच कुस्ती, निकाल माहीत, तरी प्रत्येक वेळी नामाकाका लाल लांगेवाल्याला "मागं बघ, मागं बघ" म्हणून ओरडायचे आणि तो प्रत्येक वेळी मागं न बघता पडायचा. त्यात तिन्ही मशिनं मी एकापाठोपाठ एक सुरू केली होती, त्यामुळं लाल लांगेवाला आधी पैलवानावर पडायचा, मग मधलीवर, मग धाकटीवर. धाकटीसमोर बसलेल्या लोकांची तक्रार होती की त्यांना निकाल आधीच कळतो. जेवायची वेळ झाली तसं मंडळींनी बिलाच्या काउंटरवर भाकरी, झुणका आणि खर्डा सोडला. खर्ड्याच्या वासानं विलासरावांना ठसका लागला, पण इतकी गर्दी दुकानात उद्घाटनालाही नव्हती, म्हणून ते गप्प बसले आणि नंतर त्यांनीही अर्धी भाकरी घेतली.

भाकऱ्या संपायच्या आत पैलवान गेला. लाल लांगेवाला हवेत होता, खाली पडायचा बाकी होता आणि पडदा काळा झाला. दिवे विझले, पंखा थांबला. मधली आणि धाकटीवर कुस्ती चालूच होती.

 सगळे त्या टॉवेलाकडं बघत होते. आबांनी चंची काढली, तंबाखू मळायला घेतली आणि मळतच राहिले. इतका वेळ तंबाखू कुणी मळत नाही. मला कळलं, म्हाताऱ्याला दिसलंय सगळं. पण वाडीचे फ्रीज, ट्रॅक्टर आणि म्हशी ज्या शब्दावर आल्या, तो शब्द भरल्या दुकानात मागं कसा घ्यायचा, हे त्याला समजत नव्हतं. सायली पैलवानाच्या काळ्या पडद्यात स्वतःचा चेहरा बघत बसली होती.

मी उठले. "आबा, माझं चुकलं. याला एक खोड आहे. स्वतःचं दूध स्वतःच पितो. मी ती लपवली."

म्हशीवाल्यांच्यात याहून वाईट खोड नाही. काही म्हशी मान वळवून आपलंच दूध पितात, अशी म्हैस खोड लपवून विकणाऱ्याला बाजारात कुणी उभं करत नाही. विलासराव भाकरीचा घास तसाच धरून माझ्याकडं बघायला लागले. मी सकाळी दोनदा सांगितलेलं त्यांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं. ते बोलायला गेले तशी मी मान हलवली.

आबांचा आवाज चढला. "बाई, केस पिकल्यात तुझं, आन खोड लपीवतीस? धरमानं धंदा करावा माणसानं. पोरीच्या अन्नात माती कालवालीस की." आणखी बरंच बोलले. कट्ट्यावरच्या माझ्या आईचाही उद्धार झाला. प्रिंटरची शाई घ्यायला आलेले गृहस्थ उठले आणि "इथं असलं चालतंय व्हय" म्हणत शाई न घेताच निघून गेले. मी खाली मान घालून उभी राहिले. ठरवून केलं होतं तरी फार लागलं. ज्या एका गोष्टीचा मला आयुष्यभर गर्व होता, तीच मी चारचौघांत टाकून दिली होती.

बोलता बोलता आबांनी टॉवेल उचलून खांद्यावर टाकला. मग मात्र त्यांनी घाई केली नाही. उरलेल्या दोघींसमोर ते शटर खाली यायच्या वेळेपर्यंत बसून राहिले. शेवटी धाकटी उचलून बघितली, "गोठ्याशेजारी टिकायची न्हाई ही," म्हणून परत ठेवली आणि टॉवेल मधलीच्या पाठीवर टाकला. सायलीनं ती पिशवीत घातली आणि बंदाला दोन गाठी मारल्या. जाताना ती माझ्या पाया पडायला वाकली. आबा तिच्यावर खेकसले, "तिच्या कशाला पडतीस?"

पुढं काय झालं ते ऐका. आबांनी माझी गोष्ट बाजारोबाजार सांगितली. राधानगरीकडून, पार कोडोलीकडूनही माणसं यायची आणि दारातच विचारायची, "खोड लपीवणारी बाई कुठली?" मी हात वर करायची. "तुमच्याकडंच घेनार. पर पैल्यांदा खोड सांगा." अशी मी प्रत्येक मशिनची खोड आधी सांगायला लागले. थोरली हलत नाही, धाकटी उघडत नाही, पैलवान स्वतःचं दूध पितो, मधली चारचौघींत उठून दिसत नाही. त्यावर गिऱ्हाईक क्षणभर विचार करायचं आणि आपल्याला चालेल ती खोड उचलून घेऊन जायचं. याहून चांगली निवडीची पद्धत मला आजवर सापडलेली नाही. कंपनीच्या साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला समज दिली. मी ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा खोडी सांगायला लागले.

सायलीची नोकरी टिकली. त्या पावसाळ्यात वाडीत लाईट जायची, तेव्हा मधली दिवसभर चालायची आणि संध्याकाळी दूध संस्थेच्या जनरेटरवर पोट भरून यायची. सायली फोनवर सांगायची, ती कामावरून उठली की आबा रोज विचारतात, "आज किती दिली?" ती तास सांगते आणि आबा मान हलवतात. दिवाळीच्या पाडव्याला तिनं फोटो पाठवला. तेल लावून काळीभोर केलेली म्हैस, रंगवलेली शिंगं, शिंगांना मोरपिसं, आणि शेजारी पाटावर मधली. मी घाबरून फोन केला, "हळद-कुंकू बटणांत जाऊ देऊ नकोस गं." ती म्हणाली, "झाकणावर लावलंय मॅडम. आबांनी आधीच सांगितलंतं, आचळाला लावू नगा म्हणून."

मी निवृत्त झाले. मधली शेवटी आटली. गेल्या महिन्यात जीप माझ्या दारात उभी राहिली. सायलीला आता नवा लॅपटॉप हवा होता, तिच्या हाताखाली दोन मुली काम करतात. आबा पुढच्या सीटवर बसले होते. खूप थकलेत, डोळ्यांनी कमी दिसतं. त्यांच्याबरोबर दुकानाकडं जाताना मी धीर करून विचारलं, "आबा, अजून राग आहे का हो माझा?"

आबा काचेतून बाहेर बघत होते. "खोड लपीवणारी माणसं लई बघितली," ते म्हणाले. "दोनदा सांगून लपीवली म्हणणारी तू एकलीच."  

दुकान आता विलासरावांच्या जावयाकडं आहे. टेबलांचा रंग बदललाय, मशिनंही नवी, थोरली-मधली कुणी ओळखीचं उरलं नव्हतं. टाय लावलेले एक नवे मॅनेजर पुढं आले आणि त्यांनी आकडे-अक्षरांचं स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. मला त्यांची दया आली. आबांनी ते संपेपर्यंत ऐकलं. मग खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

"मला दिसत न्हाई आता. तूच टाक."

नामाकाका दचकले. सायली माझ्याकडं बघत राहिली. टॉवेलाला गोठ्याचा वास होता, आईच्या पदराला यायचा तोच. मी तो खांद्यावर टाकला आणि सायलीला आवडलेल्या मशिनसमोर उभी राहिले.

"साहेब, याची खोड काय?"

"खोड? मॅडम, टॉप मॉडेल आहे. यात खोडच नाही."

मी खुर्ची ओढून घेतली. "सायली," मी म्हटलं, "वायर काढ."

आणि नामाकाका काउंटरवर भाकरीचं गाठोडं सोडायला लागले.